किडनीच्या विहिणी

माझी मावशी लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्याकडे दोन लहान गाड्या होत्या. दोन्हींच्या टपावर पाटी होती आणि दोन्हींत तिच्या सीटपुढे, पायाशी, एक जादा ब्रेक होता. त्या ब्रेकमुळे आमच्या भागात तिला लहानथोर सगळे ब्रेकमावशी म्हणतात. तो ब्रेक ती फारसा दाबत नाही, पण आहे म्हणून शिकणाऱ्याला धीर येतो. आवाज तर ती चढवतच नाही. भर चौकात, मागे ट्रक उभा असताना गाडी बंद पाडणाऱ्यालाही ती म्हणते, "हरकत नाही. घाई ट्रकवाल्याला आहे, आपल्याला नाही. न्यूट्रल करा, श्वास घ्या, मग चावी फिरवा."

काका प्लंबर. बोलणं मोजकं. काका आपणहून काही बोलले तर कुठेतरी पाणी गळत असणार, असं मावशी म्हणते. त्यांना मूलबाळ नाही. मी पलीकडच्या गल्लीत राहते, चष्म्याच्या दुकानात काम करते, आणि लहानपणापासून निम्मी त्यांच्याच घरी वाढले आहे.

मावशी पन्नाशीला आली तेव्हाची गोष्ट. तिचे बूट तिला घट्ट व्हायला लागले. आधी तिनं लेस सैल केली, मग एक नंबर मोठे बूट आणले. दिवसभर पाय खाली सोडून बसलं की सूज येणारच, असं ती म्हणायची. जिना चढताना दम लागायचा तर म्हणायची, वजन वाढलंय. तिच्याकडे तेव्हा एक नर्स गाडी शिकायला येत होती. एक दिवस क्लास संपल्यावर त्या बाईनं खाली वाकून मावशीच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला तो पडलाच, भरून येईना.

"मावशी, उद्या माझा क्लास नको," ती नर्स म्हणाली. "उद्या तुम्ही रक्त तपासून या."

रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला होता. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, म्हणून कुणी तो मोजलाच नव्हता. त्यानं आतल्या आत दोन्ही किडन्या सुकवून टाकल्या होत्या. डॉक्टरांनी सोनोग्राफीचं चित्र दाखवलं. मावशीनं ते नीट बघितलं आणि विचारलं, "दुरुस्ती होणार नाही?"

"नाही."

"बदलता येईल?"

"एक बदलता येते. एकीवर माणसाचं व्यवस्थित भागतं. पण देणारं कुणी मिळेपर्यंत डायलिसिस."

आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार तास, असं ते डायलिसिस सुरू झालं. मशीनवरून उतरली की मावशीच्या अंगात पिळून काढलेल्या फडक्याएवढाही जीव नसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती पुन्हा गाडीत. सुईच्या हाताला धक्का लागू नये म्हणून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळायची आणि शिकणाऱ्याला सांगायची, "या हाताच्या बाजूला फार जोरात वळू नका, बाकी चालू द्या." सगळ्यात जड गेलं ते पाण्याचं बंधन. लघवी होतच नव्हती, त्यामुळे दिवसभरात जेमतेम दोन-तीन कप पाणी. एकदा उन्हातून आल्यावर ती स्वयंपाकघरातल्या नळाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "नवरा गावभर पाणी पोचवतो, आणि बायको ओठ ओले करून झोपते."

काका ते ऐकून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "माझ्याकडे दोन आहेत. एक तू घे."

मावशी नको म्हणाली. तुम्हाला जड उचलायची कामं असतात, म्हणाली. नंतर बघू, म्हणाली. काकांनी वाद घातला नाही, सरळ जाऊन स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून आले. किडन्या उत्तम निघाल्या, पण रक्तगट जुळेना. काकांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कुणावर चिडायचं तेच त्यांना कळत नव्हतं. "दोन-दोन चालू किडन्या पोटात घेऊन फिरतोय," ते मला म्हणाले, "आणि घरातल्या माणसाला उपयोग नाही."

उपयोग होता, पण तो आडवळणानं यायचा होता. हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण विभागात एक कोऑर्डिनेटर मॅडम होत्या. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. त्यांच्याकडे अशीच आणखी एक जोडी होती, एक चित्रकलेचा शिक्षक आणि त्याची आई. मुलाला किडनी हवी होती, आई द्यायला तयार होती, पण त्यांचाही गट जुळत नव्हता. तिरकं बघितलं तर मात्र चोख जुळत होता. त्या आईची किडनी मावशीला चालणार होती आणि काकांची त्या मुलाला. दोन्ही घरांची हरकत नसेल तर अदलाबदल करता येईल, मॅडम म्हणाल्या. चारही ऑपरेशनं एकाच दिवशी होतील, म्हणजे कुणाचं काम अर्धवट राहणार नाही.

पहिली भेट मॅडमच्या खोलीतच झाली. मीही बरोबर होते. मास्तर तिशीच्या आतला, उंच, रंगानं पिवळट पडलेला, बोटांना रंगाचे डाग. आई शाळांचे गणवेश शिवणारी, बुटकी, काटक, गळ्यात मोजपट्टी. ती काढायची राहिली होती की ती कधी काढतच नव्हती, कोण जाणे. तिनं मावशीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही गाडी शिकवता म्हणे. म्हणजे दिवसभर बसून."

"बसून," मावशीनं कबूल केलं.

"माझ्या किडनीला चालायची सवय आहे. रोज बाजारापर्यंत जाऊन येते मी. नुसतं बसवून ठेवलंत तर कंटाळेल ती."

"मग मी चालेन."

"आणि फार खारट खात असाल तर ते बंद करा. मी खात नाही."

मावशीला हसू आवरेना. "अहो, लेक देताय की किडनी?"

"लेकच समजा," ती बाई अगदी गंभीरपणे म्हणाली. "एवढी वर्षं पोटात सांभाळली आहे."

"मग तुम्ही आमच्या विहीणबाई झालात," मावशी म्हणाली. त्या दिवसापासून त्या एकमेकींना विहीणबाईच म्हणायला लागल्या. काका मास्तरशेजारी गप्प बसून होते. निघताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "माझी दारू-सिगरेटची नाही. काळजी करू नको."

मग मंजुरीसाठी समिती बसली. समितीवरच्या एका साहेबांनी काकांना विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का. काका म्हणाले, "बायकोचा आहे. ती नको म्हणते." साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचं विचारलं. मंजुरी मिळाली.

आता खर्च. मावशी सगळा हिशेब गाड्यांत करते, त्यामुळे तो मलाही तसाच लक्षात आहे. डायलिसिसला वर्षाला एका नव्या लहान गाडीएवढे पैसे जात होते, आणि ते दर वर्षी जाणार होते. ऑपरेशनचं पॅकेज त्याहून जास्त, दीड गाडीच्या घरात, पण एकदाच. त्या पॅकेजमध्ये देणाऱ्याचे पाच दिवस आणि घेणाऱ्याचे दहा दिवस धरलेले होते. त्यापुढे जितके दिवस राहाल त्याचं भाडं, तपासण्या आणि औषधं वेगळी. घरी गेल्यावरही गोळ्या जन्मभर चालणार होत्या, पहिलं वर्ष महाग, पुढे कमी. शिवाय पहिले तीन महिने हॉस्पिटलच्या जवळच राहायचं, कारण सुरुवातीला आठवड्यातून तीनदा रक्त द्यावं लागतं आणि शरीर नव्या किडनीवर कधी रुसेल सांगता येत नाही. आमचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. हे तीन महिन्यांचं भाडं कुणाच्याच हिशेबात धरलेलं नव्हतं.

विम्यातून निम्म्याहून थोडं कमी मिळणार होतं. हॉस्पिटलच्या मदतनिधीतून मॅडमनी थोडं मिळवून दिलं. मावशीनं दोनपैकी नवी गाडी विकली आणि जुनी ठेवली. "जुनीचा ब्रेक माझ्या पायाला ओळखतो," म्हणाली. जागेचा प्रश्न उरला तेव्हा तिनं विहीणबाईंना फोन केला. "तुम्हालाही जवळ जागा लागेल, आम्हालाही. एकच घेऊ या का?"

विहीणबाईंनी क्षणभर विचार केला असेल. "स्वयंपाक मी बघेन," त्या म्हणाल्या. "माझ्या भांड्यात दुसऱ्या कुणी ढवळलेलं मला चालत नाही."

डॉक्टरांची अट होती की दोन्ही पेशंटची न्हाणीघरं वेगळी हवीत आणि घर कोरडं, स्वच्छ हवं. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर लिफ्टच्या इमारतीत तसा एक फ्लॅट रिकामा होता. रिकामा असण्याचं कारण म्हणजे त्याची दोन्ही न्हाणीघरं गळत होती आणि भिंतींना बुरशी धरली होती. काका एकदा आत फिरून आले आणि मालकाला म्हणाले, "पाइप मी बदलून देतो, माझ्या मजुरीनं. भिंती रंगवून देतो. भाडं निम्मं करा." मालकाला तेच हवं होतं. ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे काका रोज संध्याकाळी तिथे जाऊन फरशा उचकटत होते, आणि शिडीवर चढायला मनाई असलेला मास्तर खाली खुर्चीवर बसून रंग कालवून देत होता. न्हाणीघरासाठी त्यानं फिकट पिवळा रंग निवडला. पांढरा नको, म्हणाला, हॉस्पिटलात पुष्कळ बघायला मिळेल.

ऑपरेशनच्या दिवशी चौघं आत आणि बाहेर त्या सगळ्यांची मिळून मी एकटी. दर थोड्या वेळानं कुणीतरी दार उघडून विचारायचं, "यांचे नातेवाईक कोण?" मी उठायची. पुन्हा दुसरं नाव, पुन्हा मीच. तिसऱ्या वेळी त्या सिस्टरनं मला विचारलं, "सगळे तुमचेच का?" मी म्हटलं, "सकाळपासून."

आदल्या दिवशी सर्जननी काकांना समजावून सांगितलं होतं की जुन्या किडन्या काढत नाहीत, त्या जागच्या जागी राहतात आणि नवी पोटाच्या खालच्या बाजूला, पुढे बसवतात. काका म्हणाले होते, "म्हणजे जुनी टाकी तशीच ठेवून खाली नवी जोडणार." सर्जन हसून म्हणाले होते, "तंतोतंत."

संध्याकाळपर्यंत चौघंही नीट बाहेर आले. काकांच्या किडनीनं मास्तरच्या पोटात गेल्या गेल्या काम सुरू केलं. टेबलावरच लघवी सुरू झाली, असं सर्जननी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी तर नळ उघडा राहावा तशी पिशवी भरत होती. सिस्टर बदलून बदलून दमल्या. मावशीच्या पिशवीत मात्र तळाशी चार थेंब. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

डॉक्टर रोज सोनोग्राफी करत होते. "रक्तपुरवठा छान आहे," ते म्हणाले. "किडनी जिवंत आहे, फक्त झोपलेली आहे. कधी कधी होतं असं. काही दिवस घेईल, उठेल." तोपर्यंत पुन्हा डायलिसिस. ज्या मशीनपासून सुटायला एवढं सगळं केलं, त्याच मशीनच्या नळ्या मावशीला पुन्हा लावल्या. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

पाचव्या दिवशी काकांना आणि विहीणबाईंना ठरल्याप्रमाणे डिस्चार्ज मिळाला. विहीणबाई घरी जायच्या ऐवजी, एका हातानं टाके धरून, दुसऱ्या हातानं भिंत धरून, आमच्या मजल्यावर आल्या. आत एकाच माणसाला, मास्क आणि गाऊन घालून, थोडाच वेळ सोडत होते. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि मावशीच्या पोटाकडे बघून बोलायला लागल्या.

"काय गं, माझ्याकडे होतीस तेव्हा एक दिवस सुट्टी घेतली नाहीस. शाळा उघडायच्या दिवसांत मी पहाटेपर्यंत मशीन चालवायची, तेव्हाही तू आपली कामाला हजर. आणि इथं मोठ्या घरी आल्याबरोबर लोळत पडलीस? माहेरची लाज काढतेस?"

मावशी हसली आणि टाक्यांवर हात दाबून विव्हळली. "हसवू नका हो विहीणबाई. टाके ओढले जातात."

"माझेही ओढतायत," विहीणबाई म्हणाल्या. "पण तिला बोलायलाच हवं."

बाहेर आल्या आणि माझ्या शेजारच्या बाकावर टेकल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मास्क हनुवटीवर ओढून त्यांनी मला हळूच विचारलं, "माझाच माल खराब निघाला का गं? तुझ्या काकांनी माझ्या लेकराला उभं केलं, आणि मी त्यांच्या बायकोला..."

काका पलीकडच्या खुर्चीत होते. ते ऐकत आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "नवी लाइन जोडली की आधी हवा येते, खडखड होते. पाणी मागून येतं. पाइप जोडणाऱ्यानं तेवढं थांबायचं असतं." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही दिलीत, विहीणबाई. आमचं तेवढ्यानंच भरून पावलं." काकांना एका दमात एवढं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मास्तरचं वेगळंच. त्याचा क्रिएटिनिनचा, म्हणजे रक्तात साठलेल्या घाणीचा, आकडा रोज झरझर उतरत होता आणि तो रिपोर्ट उशीखाली दडपून ठेवत होता. मावशीला ते सिस्टरकडून कळलं. तिनं माझ्याकरवी निरोप धाडला, "मास्तरला म्हणावं, माझ्या नवऱ्याची किडनी आहे ती. तिचा निकाल लपवायचा नाही. रोज मला कळला पाहिजे." त्यानंतर तो रोज आकडा कळवायला लागला, आणि मावशी तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला सांगायची. स्वतःचा आकडा विचारला की म्हणायची, "आमची बाई अजून उठायची आहे."

दहावा दिवस आला. मास्तर चालत घरी गेला. त्याच दुपारी बिलाच्या खिडकीवरून एक मुलगी आली आणि तिनं अगदी नम्रपणे सांगितलं की उद्यापासून पॅकेजबाहेरचे दिवस सुरू होतील. रोजचा आकडाही सांगितला. तो ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. मनातल्या मनात मी उरलेली जुनी गाडीही विकायला काढली. असेच पंधरा दिवस गेले असते तर ती खरंच गेली असती.

मावशी उशीला टेकून बसली. त्या दिवशी तिच्यात काहीतरी परत आलं, चौकात गाडी बंद पडल्यावर तिच्या आवाजात जे येतं ते. संध्याकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर, मला दोन गोष्टी सांगा. एकटीची खोली अजून लागेल का?"

"आता नाही लागणार. दोघींच्या खोलीत चालेल, शेजारी ताप-खोकल्याचा पेशंट नसेल तर."

"मग मला आजच हलवा. दुसरं. जे फक्त इथे राहूनच करता येतं, ते काय काय उरलंय? त्यासाठी मी लागतील तेवढे दिवस राहीन, कुरकुर करणार नाही. पण जे चालत येऊन करता येईल, त्यासाठी पलंगाचं भाडं भरायचं नाही मला. मागच्या फाटकासमोर घर आहे माझं."

डॉक्टर पलंगाच्या कडेला टेकले. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "लघवी सुरू होईपर्यंत तुम्हाला मी सोडणार नाही. ती सुरू झाली आणि आकडा दोन दिवस उतरता राहिला, की तुम्ही घरी जा आणि रोज सकाळी रक्त द्यायला या. इतक्या जवळ घर असलेला पेशंट मला रोज मिळत नाही."

"ठरलं," मावशी म्हणाली.

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळची पाळी बदलत असताना, सिस्टर पिशवी बघायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग तिनं ती पिशवी उजेडाकडे धरली. फिकट पिवळी, मास्तरनं न्हाणीघरासाठी कालवलेल्या रंगाची, आणि जवळजवळ पाव भरलेली. "मावशी," ती म्हणाली, "हे बघा तरी."

मावशीनं बघितलं. तिला चष्म्याशिवाय नीट दिसत नव्हतं, मी चष्मा दिला. तिनं पुन्हा बघितलं. दुपारपर्यंत ती पिशवी अर्ध्यावर गेली. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं आपल्या मुलीला उठवून दाखवलं. झाडूवाल्या मामांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत जो तो येऊन माझ्या मावशीची लघवी बघून खूश होऊन गेला. एरवी ज्या गोष्टीचं नाव काढायला माणूस लाजतो, त्या गोष्टीपुढे आम्ही सगळे कौतुकानं उभे होतो.

मावशीनं फोन मागितला. पलीकडे फ्लॅटवर विहीणबाईंनी एव्हाना आपलं हाताचं शिवणाचं मशीन आणून घेतलं होतं. फोनमध्ये ते टकटक ऐकू येत होतं.

"विहीणबाई, तुमची लेक उठली."

मशीन थांबलं. "काय करतेय?"

"कामाला लागली आहे. सकाळपासून थांबलेली नाही."

मग विहीणबाई आवाज सावरून म्हणाल्या, "मी म्हटलं होतं तुम्हाला. तिला नुसतं बोलायला हवं होतं." आणि फोन ठेवून, हे मला काकांनी नंतर सांगितलं, शिवायला घेतलेल्या कापडातच तोंड खुपसून त्या रडल्या.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता उलट नियम. आता भरपूर पाणी प्यायचं, दिवसाला तीन लिटर तरी. काकांनी पेला भरला आणि मावशीच्या हातात दिला. तिनं तो न थांबता, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि रिकामा पेला पुढे केला. "अजून," म्हणाली. काका पुन्हा भरायला गेले ते फिल्टरपाशी जरा जास्तच वेळ उभे राहिले.

दोन-तीन दिवस आकडा उतरत राहिला आणि पंधराव्या दिवशी मावशी हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून आपल्या पायांनी बाहेर पडली. व्हीलचेअर आणली होती, तिच्यात आम्ही औषधांच्या पिशव्या ठेवल्या. पॅकेजबाहेरचे पाच दिवस आणि वरच्या डायलिसिसचं बिल झालं, पण काकांच्या मजुरीमुळे वाचलेल्या भाड्यात ते जवळजवळ बसलं. उरलेलं विहीणबाईंनी न विचारता भरलं. मावशीनं हिशेब मागितला तर म्हणाल्या, "लेकीच्या बाळंतपणाचं समजा."

ते तीन महिने त्या फ्लॅटमध्ये मजेत गेले, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही. सकाळी आठ आणि रात्री आठ, गोळ्यांचे दोन गजर एकदम वाजायचे, एक मावशीचा आणि एक मास्तरचा. घरात पाहुणा नाही, बाहेरचं खाणं नाही, दाराशी चपला आणि साबण. मास्तर म्हणायचा, काकांची किडनी बसल्यापासून मला गळणारा नळ सहन होत नाही. आणि मावशी टीव्हीवरच्या बायकांच्या बाह्यांना नावं ठेवायला लागली, ही शिवण तिरपी गेलीय म्हणून. विहीणबाई खूश व्हायच्या. रोज संध्याकाळी त्या मावशीला इमारतीच्या आवारात चालवायच्या, पुढे आपण आणि मागे मावशी. मध्ये एकदा आकडा थोडा वर चढला तेव्हा सगळ्यांचे श्वास अडकले, पण गोळी वाढवली आणि तो पुन्हा खाली आला.

तीन महिने झाल्यावर डॉक्टरांनी गाडीत बसायला परवानगी दिली. एकच अडचण होती. सीटचा पट्टा नेमका त्याच जागेवर घासायचा, जिथे नवी किडनी होती. विहीणबाईंनी मोजपट्टी काढली, मावशीला खुर्चीवर बसवून माप घेतलं आणि पट्ट्यावर चढवायची एक मऊ गादी शिवून दिली, आत कापूस, बाहेर गणवेशाचं निळं कापड. पट्टा कमरेच्या हाडावर बसतो, भार किडनीवर येत नाही. डॉक्टरांनी ती गादी हातात घेऊन बघितली आणि आणखी चार जणांसाठी मागवली.

मावशी कामावर परतली त्या दिवशी पहिला क्लास घोट्यावर अंगठा दाबणाऱ्या त्या नर्सचा होता, मधेच राहिलेला. वर्षभरात ती सगळं विसरली होती. चौकात तिनं गाडी बंद पाडली, मागून हॉर्न वाजायला लागले आणि मावशी तिला म्हणाली, न्यूट्रल करा. मी मागच्या सीटवर होते. मला एवढं छान कधीच काही वाटलं नव्हतं.

याला आता चार वर्षं झाली. मावशीनं गेल्या वर्षी दुसरी गाडी पुन्हा घेतली, डायलिसिसला जे पैसे गेले असते त्यातून, असं ती सांगते. मास्तर शाळेत शिकवतो आणि तिथल्या नळांचे वॉशर स्वतः बदलतो. काका एका किडनीवर पूर्वीइतकंच काम करतात आणि पूर्वीइतकंच कमी बोलतात. विहीणबाईंना गाडी शिकवायचा मावशीनं फार प्रयत्न केला. "तुम्ही चालवा, मी बसते," हे त्यांचं उत्तर.

चौघंही वर्षाच्या तपासणीला एकाच दिवशी जातात. मागच्या खेपेला कोऑर्डिनेटर मॅडमनी एका जोडप्याला मावशीकडे पाठवलं. नवरा पेशंट, बायको देणारी, गट न जुळलेला. दोघं हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. विचारू की नको असं त्यांना झालं होतं. विहीणबाईंनी सरकून जागा केली.

"किती दिवस राहावं लागतं हो?" त्या बायकोनं विचारलं. "आणि खर्च नेमका किती येतो? कुणी सरळ सांगतच नाही."

"मी सांगते," मावशी म्हणाली. "बसा आधी. तुम्ही पाच दिवसांत घरी जाल. हे दहा दिवसांत, किंवा माझ्यासारखे पंधरा. पॅकेजमध्ये काय नाही ते आधी विचारा, काय आहे ते हॉस्पिटलवाले आपणहून सांगतात. आणि पुढचे तीन महिने जवळ राहायची सोय आत्ताच बघून ठेवा, ती सगळे विसरतात. जागा मिळत नसेल तर सांगा, समोरच्या इमारतीत आमच्या ओळखीचा मालक आहे."

"न्हाणीघरं कोरडी आहेत," काका म्हणाले.

त्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी धुगधुगी आली. बायकोनं खुर्ची पुढे ओढली आणि विचारायला सुरुवात केली. मावशी एकेकाचं उत्तर देत राहिली, शांतपणे, घाई न करता, आणि मास्तर उठून सगळ्यांसाठी चहा सांगायला गेला.